दुसऱ्या घराचे दप्तर

यंदाच्या अंकासाठी ‘दोन घरे’ असा विषय ठरल्याचे संपादकांनी कळविले, तेव्हा मुंबई-पुण्याच्या नोकरदार मराठी कुटुंबाचे दुसरे घर म्हणजे बहुधा कोकणातले वडिलोपार्जित घर, हे धरून चालून मी रत्नागिरी जिल्ह्याची वाट धरली. लोणावळ्याचे बंगले आणि अलिबागच्या वाटेवरची नवी संकुले यांचाही या विषयावर हक्क आहे. परंतु ज्याचे खरेदीखत कोणी पाहिलेले नाही, ज्याच्या भिंती आजोबांनी उभारल्या आणि छप्पर नातवाने बदलले, ज्याची किंमत करण्याचा प्रसंग तीन पिढ्यांत आला नाही, अशा घराच्या दारी प्राप्तिकराचा कायदा येऊन उभा राहतो तेव्हा तो काय विचारतो आणि घरची माणसे त्याला काय दाखवू शकतात, हे पाहण्यात मला अधिक सार वाटले.

ज्या कुटुंबाच्या सोबतीने मी हे पाहिले त्याची नावनिशी येथे देत नाही. तीन भावंडे आहेत. थोरले बंधू, ज्यांना वाडीतले लहानथोर ‘दादा’ म्हणतात, नोकरीतून निवृत्त होऊन डोंबिवलीत राहतात. मधली बहीण, म्हणजे ताई, पुण्यास. आणि धाकटे बंधू कित्येक वर्षांपासून अमेरिकेत न्यू जर्सी येथे. वडील २००९ साली वारले, आई त्यापूर्वीच गेलेली. तेव्हापासून खाडीच्या उतारावरचे जांभ्या चिऱ्यांचे घर, त्याचे माडांचे आवार, आणि तेथून सड्याच्या दिशेने चढत गेलेली हापूसची बाग, हे सारे तिघांच्या सामाईक नावावर आहे. गणपतीत आणि शिमग्यात घर उघडते. एरवी शेजारचे एक गृहस्थ येऊन झाडलोट करतात आणि देवापुढे दिवा लावतात. अनेक वर्षांच्या विचारानंतर तिघांनी यंदा घर विकण्याचे एकमताने ठरविले, आणि एका मुंबईकर दांपत्याने घर व आवार मिळून साठ लाख रुपयांचा मोबदला देऊ केला.

रत्नागिरीतील ज्या सनदी लेखापालांकडे हे प्रकरण आले, त्यांना दादांनी पहिला प्रश्न केला तो कर किती लागेल हा. त्यांनी उत्तरादाखल उलट विचारले, “दादा, २०१२ साली घर उलगडून छप्पर केलंत, त्याची बिलं आहेत का?” या एका प्रश्नात सारा विषय सामावला आहे असे मला तेव्हाही वाटले आणि पुढे ते अधिकच पटत गेले. दुसऱ्या घराच्या विक्रीवरील कराचा बहुतेक निकाल विक्रीपूर्वीच्या वीस-पंचवीस वर्षांतच लागून गेलेला असतो, आणि तो लागत असताना घरातील कोणाचेही तिकडे लक्ष नसते.

वर्षातून दोनदा उघडणारे घर

प्रथम वास्तव्याचा प्रश्न. घर बंद असले तरी कायद्याच्या दृष्टीने त्याला भाडे येण्याची क्षमता असते, आणि त्या क्षमतेवरच कर आकारण्याची आपली जुनी रीत आहे. स्वतःच्या राहण्याच्या एका घराला त्यातून सूट होती. दुसरे घर, मग त्यात वर्षभर वटवाघळांशिवाय कोणी नसले तरी, भाड्याने दिले आहे असे मानून त्याचे मानीव भाडे उत्पन्नात धरावे लागे. डोंबिवलीत सदनिका आणि गावी घर असलेल्या असंख्य चाकरमान्यांनी हे मानीव भाडे कधी दाखविले नाही, कारण असा काही नियम आहे हेच त्यांना ठाऊक नव्हते. २०१९-२० या वर्षापासून दोन घरे स्वतःच्या वास्तव्याची मानून दोहोंचे वार्षिक मूल्य शून्य धरण्याची मुभा मिळाली, आणि २०२५च्या वित्त अधिनियमाने तर, मालक तेथे कोणत्या कारणाने राहत नाही ही विचारणाही सोडून दिली. गावाकडच्या घराच्या दृष्टीने ही सुधारणा मोठी आणि स्वागतार्ह आहे. सामाईक मालकीत हिस्से निश्चित असतील तर प्रत्येक हिस्सेदाराला ही सवलत स्वतंत्रपणे मिळते. मात्र ज्याच्या नावावर तिसरे घर आहे, म्हणजे एखाद्याने मुलासाठी बदलापुरास आणखी एक सदनिका घेऊन ठेवली असेल, त्याला तिसऱ्याचे मानीव भाडे आजही दाखविले पाहिजे.

या सवलतीला एक बारीक अट आहे, आणि कोकणात ती आता पुष्कळांना लागू पडू लागली आहे. घर वर्षातील थोडा काळ जरी भाड्याने दिले, तरी त्या वर्षापुरते ते शून्य मूल्याच्या सवलतीतून बाहेर पडते. मे महिन्यात पर्यटकांना दोन खोल्या देणारे, न्याहरी-निवास योजनेची पाटी लावणारे, किंवा ओळखीच्या कुटुंबाकडून चार दिवसांचे पैसे घेणारे, अशा साऱ्यांनी ते भाडे दाखवून त्यातून घरपट्टी आणि वर तीस टक्क्यांची ठोक वजावट घ्यावी, हाच सरळ मार्ग. शिवाय २०२४च्या अधिनियमाने मालकाने राहते घर भाड्याने दिल्यास ते उत्पन्न धंद्याचे न मानता घरापासूनचेच मानावे असे स्पष्ट केले, त्यामुळे त्याविरुद्ध गड्याचा पगार, विजेचे बिल, चादरी-गाद्यांचा खर्च असे धंद्याचे खर्च मांडण्याची वाट अरुंद झाली आहे.

घरदुरुस्तीसाठी कर्ज काढले असेल तर त्याच्या व्याजाचा निराळा विचार. जुन्या करपद्धतीत राहणारा करदाता स्वतःच्या वास्तव्याच्या घरांवरील व्याजाची वजावट दोन लाखांपर्यंत मागू शकतो, पण ते कर्ज खरेदीचे वा बांधकामाचे असले पाहिजे. केवळ दुरुस्तीचे असल्यास मर्यादा तीस हजारांवर येते, आणि नव्या पद्धतीत राहत्या घरासाठी ही वजावट मुळीच नाही. जे व्याज अशा रीतीने एकदा वजा करून घेतले तेच पुढे विक्रीच्या वेळी घराच्या खर्चात मिळवण्याची पळवाट २०२३ साली बंद झाली.

डागडुजी आणि सुधारणा

२०१२ च्या त्या कामाची हकीकत दादांनी मला ओटीवर बसून सांगितली, आणि सांगता सांगता ते छताकडे बोट दाखवीत होते. जुने नळे उतरवले, वाळवी लागलेले वासे काढून ऐनाचे नवे घातले, वर मंगलोरी कौले चढवली. माजघराची सारवणाची जमीन जाऊन तेथे शहाबादी फरशी आली. पडवीच्या टोकाला शौचालय व न्हाणीघर बांधले, विहिरीवर पंप बसवून टाकी उभारली, साऱ्या घराची वीजजोडणी नव्याने केली. शिवाय रंगरंगोटी झाली, दोन पलंग आणि एक शीतकपाट आले. एकूण खर्च सहा लाखांच्या वर गेला, आणि तो सर्वस्वी दादांनी केला.

या यादीवर कायद्याची नजर कशी फिरते ते पाहण्यासारखे आहे. ज्याने घरात कायमची भर पडली किंवा त्याच्या रचनेत बदल झाला, तो भांडवली खर्च म्हणजे सुधारणा. विक्रीच्या वेळी तो किमतीत मिळवता येतो. जे घर होते तसे टिकवण्यासाठी केले, म्हणजे पावसाळ्यापूर्वी फुटकी कौले बदलणे, चुना काढणे, गिलाव्याची भेग बुजवणे, ती डागडुजी; ती कोठेही मिळवता येत नाही. शौचालय, टाकी, नवी वीजजोडणी आणि नवी फरशी यांविषयी लेखापालांना शंका नव्हती. संपूर्ण छप्पर उतरवून नवे चढवणे हे डागडुजीच्या पलीकडचे काम आहे, असे त्यांचे मत पडले. रंगाचा खर्च त्यांनी बाजूला काढला, आणि पलंग व शीतकपाट तर घराचा भागच नव्हेत. अशा रीतीने चाळून सुधारणेचा खर्च बरोबर सहा लाख निघाला.

तथापि सहा लाख खर्च झाला हे दादांना ठाऊक असणे निराळे, आणि ते आयकर अधिकाऱ्यापुढे सिद्ध करणे निराळे. चिरे, कौले, सिमेंट, फरशी, पंप यांची पक्की बिले आणि धनादेशांच्या नोंदी असलेली खातेपुस्तिका मिळून चार लाखांचा पुरावा निघाला. उरलेले दोन लाख मजुरीचे होते. गवंडी, सुतार आणि त्यांच्या हाताखालची माणसे दर शनिवारी संध्याकाळी याच ओटीवर येत, आणि दादा त्यांच्या हातावर आठवड्याची मजुरी रोख ठेवीत. ते सुतार आज हयात नाहीत. दादांच्या त्या वर्षीच्या रोजनिशीत दर शनिवारी रकमा टिपलेल्या आहेत, त्या मी पाहिल्या. “सुतार ४५००, गवंडी व दोन गडी ७२००” अशा शाईच्या नोंदी आहेत, आणि त्या खऱ्या आहेत याविषयी मला तिळमात्र संदेह नाही. परंतु स्वतःच्या हातची रोजनिशी दुसऱ्या पुराव्याला बळकटी देते, एकटी उभी राहत नाही. नाव, काम, रक्कम आणि सही असलेली साधी पावती त्या वेळी घेतली असती, किंवा मजुरी खात्यावर पाठवली असती, तर हा प्रश्न उरला नसता. लेखापालांनी ते दोन लाख हिशेबात धरण्याचे नाकारले, आणि त्याची किंमत किती पडली ते पुढे येईलच.

घर सुधारले की घरपट्टीही सुधारते, हे सांगणे ओघानेच आले. २०१५च्या अखेरीस ग्रामपंचायतींची आकारणी भांडवली मूल्यावर आली. त्यात जमिनीचा व बांधकामाचा दर, बांधकामाचा प्रकार, त्याचे वय आणि वापर हे सारे धरले जाते, म्हणून मातीच्या भिंती जाऊन पक्के बांधकाम झाले की आकडा वाढतो. या भीतीने पुष्कळ लोक झालेली सुधारणा पंचायतीस कळवीत नाहीत. वर्षाकाठी काही रुपये त्यांच्या पदरी राहतात खरे. पण सुधारणा अमुक साली झाली हे सांगणारा एक सरकारी कागद ते त्याच वेळी गमावतात.

१ एप्रिल २००१

वारसाने आलेल्या घराची किंमत कोणती धरायची? वारसाला ते फुकट मिळाले म्हणून शून्य, असे कायदा म्हणत नाही. ज्या पूर्वजाने ते पैसे देऊन मिळवले त्याचा खर्च तो वारसाचा खर्च, आणि त्याचा ताबा तो वारसाचा ताबा, असा नियम आहे. आजोबांनी हे घर स्वातंत्र्यापूर्वी किती रुपयांत बांधले हे कोणालाच सांगता येत नाही, आणि सांगता आले असते तरी त्या आकड्याचा उपयोग नव्हता. म्हणून १ एप्रिल २००१ पूर्वीच्या मिळकतीस त्या दिवशीची बाजारकिंमत घेण्याचा पर्याय आहे. वाढत्या महागाईचा निर्देशांक पूर्वजाच्या ताब्यापासून मोजावा असा निवाडा मुंबई उच्च न्यायालयाने २०११ साली दिला, त्यामुळे वडील २००९ साली वारले तरी दादांच्या हिशेबात निर्देशांक २००१-०२ पासूनच चालतो.

आता २००१ साली खाडीकाठच्या या घराची किंमत काय होती? कोकण रेल्वे संपूर्ण सुरू होऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. मुंबईकराने गावात घर विकत घेण्याची चाल अद्याप पडायची होती. ही किंमत नोंदणीकृत मूल्यांकनकार ठरवतो, आणि २०२०च्या अधिनियमाने त्यावर एक छत घातले आहे: त्या दिवशी मुद्रांकासाठी सरकारी मूल्य उपलब्ध असेल तर त्याहून जास्त धरता येत नाही. त्यामुळे दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून २००१ च्या वार्षिक मूल्यदर तक्त्याचा उतारा मिळवणे हे पहिले काम, आणि मूल्यांकनकाराकडून फुगवलेला अहवाल आणणे हे व्यर्थ काम.

मूल्यांकनकार आले तेव्हा त्यांच्यापुढे अडचण अशी की समोर उभे होते ते २०१२ नंतरचे घर, आणि किंमत करायची होती ती त्यापूर्वीच्या घराची. येथे ग्रामपंचायतीचा नमुना ८ कामास आला. त्या काळच्या आकारणी नोंदवहीच्या उताऱ्यात घराची लांबी-रुंदी, ‘दगड-माती, कौलारू’ असे बांधकामाचे वर्णन आणि आजोबांचे नाव स्पष्ट होते. शिवाय ताईंनी आपल्या लग्नाच्या संग्रहातील छायाचित्रे पुण्याहून आणली होती. मांडवामागे जुनी ओटी, तिचे लाकडी खांब आणि वरचे नळे त्यांत नीट दिसत होते. मूल्यांकनकारांनी फीत लावून जोत्याचे माप घेतले, ते नमुन्यातील आकड्याशी ताडून पाहिले, आणि घर व आवार मिळून साडेचार लाखांची किंमत ठरवली. ती सरकारी मूल्याच्या आत होती.

पडलेले घर, उभे घर

त्याच वाडीत थोड्या अंतरावर दुसरे एक घर आहे, किंबहुना होते असे म्हणावे लागेल. छप्पर कधीच कोसळले, भिंती पावसाने विरघळल्या आणि आता चौथऱ्यावर रानतुळस वाढली आहे. त्याचेही वारस मुंबईत आहेत आणि विकण्याच्या विचारात आहेत. उभे घर आणि पडलेले घर यांच्या विक्रीत कायद्याने जो भेद केला आहे तो फार थोड्यांच्या लक्षात येतो. राहते घर विकून दुसरे घर घेतले, तर कलम ५४ प्रमाणे केवळ नफ्याइतकी रक्कम नव्या घरात घातली की करातून सूट मिळण्यास पुरते, आणि विकणाऱ्याकडे आधीच किती घरे आहेत हे कोणी विचारत नाही. चौथरा विकणे म्हणजे जमीन विकणे. तेथे कलम ५४ फ लागते. त्यात पूर्ण सूट हवी तर नफाच नव्हे, विक्रीची सारी निव्वळ रक्कम नव्या घरात घालावी लागते, आणि विकणाऱ्याकडे त्या दिवशी एकाहून अधिक घरे असता कामा नयेत. ज्याच्या नावावर मुंबईत दोन सदनिका आहेत, त्याच्या हातून ही सूट गावचे छप्पर पडले त्याच पावसाळ्यात गेली. बंद घराची शाकारणी करावी की न करावी, अशा विचारात जे आहेत त्यांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे.

बागेचा हिशेब आणखी वेगळा. ग्रामीण भागातील शेतजमीन ही प्राप्तिकर कायद्याच्या अर्थाने भांडवली मालमत्ताच नव्हे, म्हणून तिच्या विक्रीवर हा कर लागत नाही. ग्रामीण कोणती, तर जी नगरपालिकेच्या हद्दीबाहेर आणि लोकसंख्येनुसार ठरलेल्या अंतरापलीकडे आहे ती: दहा हजारांहून अधिक आणि एक लाखापर्यंत वस्तीच्या शहरापासून दोन किलोमीटर, दहा लाखांपर्यंत सहा, त्यापुढे आठ. हे अंतर सरळ हवाई रेषेत मोजतात. कोकणात याचा अर्थ फार व्यावहारिक आहे, कारण खाडीपलीकडचे जे शहर रस्त्याने वळसा घालून बारा-पंधरा किलोमीटर पडते ते नकाशावरच्या रेषेने दोन किलोमीटरांच्या आत भरू शकते. आमच्या गावाला तशी बाधा नव्हती. परंतु बाग या व्यवहारात येऊच शकली नाही, कारण घेणारे दांपत्य शेतकरी नाही आणि महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. घर आणि आवार गावठाणात आहे, ड्रोनने झालेल्या मोजणीनंतर त्याची मिळकत पत्रिकाही निघाली आहे, म्हणून तेवढाच भाग विक्रीस निघाला. ज्यांचे घर सातबाऱ्यावरच्या जमिनीत उभे आहे त्यांना याच ठिकाणी पुष्कळ काळ थांबावे लागते.

तीन भावंडे, तीन हिशेब

साठ लाखांचे तीन हिस्से म्हणजे प्रत्येकी वीस लाख, आणि २००१ च्या किमतीचा हिस्सा प्रत्येकी दीड लाख. येथपर्यंत तिघे सारखे. पुढे वाटा फुटतात, कारण सुधारणेचा खर्च ज्याने केला त्यालाच तो मिळतो, आणि कराचा दर निवासी भारतीयास एक व अनिवासीस दुसरा आहे.

२३ जुलै २०२४ रोजी दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्याची पद्धत बदलली. पूर्वी खर्च निर्देशांकाने वाढवून उरलेल्या नफ्यावर वीस टक्के कर होता. त्या दिवसापासून निर्देशांक गेला आणि दर साडेबारा टक्के झाला. त्यावर देशभर असंतोष उमटला, तेव्हा त्यापूर्वी मिळवलेल्या जमीन-इमारतींपुरती निवासी व्यक्तींना आणि अविभक्त हिंदू कुटुंबांना सवलत देण्यात आली, की जुन्या रीतीने जो कर येईल त्याहून जास्त त्यांना भरावा लागू नये. निर्देशांक २००१-०२ साली १००, २०१२-१३ साली २०० आणि २०२५-२६ साली ३७६ आहे.

दादांचा हिशेब लेखापालांनी माझ्यासमोर कागदावर मांडला. नव्या रीतीने वीस लाखांतून दीड लाख आणि सुधारणेचे पुराव्यानिशी चार लाख वजा जाता साडेचौदा लाख नफा, त्यावर साडेबारा टक्क्यांनी १,८१,२५० रुपये. जुन्या रीतीने दीड लाखाचे ५.६४ लाख होतात आणि चार लाखांचे ७.५२ लाख, नफा उरतो ६.८४ लाख, कर १,३६,८०० रुपये. दादांना जुनी रीत लाभली. आणि रोजनिशीतील ते दोन लाख जर सिद्ध करता आले असते, तर तेही ३.७६ लाख झाले असते आणि कर ६१,६०० रुपयांवर आला असता. ७५,२०० रुपयांचा हा फरक, आणि तो केवळ शनिवारच्या पावत्यांचा. दादा हे ऐकून काही वेळ गप्प राहिले, नंतर म्हणाले, “त्या माणसांकडे कोण पावती मागणार होतं, साहेब? घरच्यासारखी होती ती.”

ताईंनी दुरुस्तीत खर्च केलेला नाही, म्हणून त्यांना दीड लाखच वजा मिळतात. जुन्या रीतीने त्यांचा कर २,८७,२०० येतो, नव्या रीतीने २,३१,२५०. त्यांना नवी रीत हिताची. एकाच घराच्या विक्रीत थोरल्या भावाने जुना दर आणि बहिणीने नवा दर घ्यावा, आणि दोघांनीही ते बरोबर करावे, असा हा प्रकार आहे. प्रत्येकाने आपापला हिशेब दोन्ही रीतींनी मांडून पाहिल्याशिवाय सल्ला देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. या सर्व आकड्यांवर चार टक्के उपकर आणखी असतो.

धाकट्या बंधूंचा आकडा ताईंइतकाच आहे. परंतु २०१२ चा खर्च दादांऐवजी त्यांनी डॉलर पाठवून केला असता, तर त्यांना निर्देशांकाची जुनी रीत मागता आली नसती आणि दादांहून ४४,४५० रुपये अधिक भरावे लागले असते, कारण अनिवासीला ती निवडच नाही. वडिलांचे घर एक, हिस्सा समान, खर्च समान, आणि केवळ वास्तव्याच्या देशामुळे कर निराळा, हे मला न्याय्य वाटत नाही. परदेशी गेलेल्या मुलानेच गावाकडचे घर उभे ठेवण्यासाठी पैसा पाठवला, अशी उदाहरणे कोकणात वाडीवाडीला आहेत.

निबंधकाच्या कचेरीपूर्वी

अनिवासी हिस्सेदाराची खरी अडचण कराहून कराच्या कपातीत आहे. पन्नास लाख वा त्याहून अधिक मोबदल्याच्या व्यवहारात घेणाराने निवासी विक्रेत्याच्या रकमेतून एक टक्का कापून सरकारजमा करावयाचा असतो. पूर्वी काही लोक हिस्सेदार अनेक दाखवून प्रत्येकाचा वाटा पन्नास लाखांखाली आणीत आणि कपात टाळीत. १ ऑक्टोबर २०२४ पासून सर्व विक्रेत्यांची रक्कम एकत्र धरतात. त्यामुळे दादांचे आणि ताईंचे प्रत्येकी वीस हजार कापले जातील, आणि विवरणपत्रात ते वळतेही होतील. धाकट्या बंधूंच्या बाबतीत मात्र कपात नफ्यावर न होता वीस लाखांच्या पूर्ण रकमेवर, उपकरासह तेरा टक्के, म्हणजे २,६०,००० रुपये करण्याची रीत पडली आहे, कारण नफा किती हे ठरवण्याचा अधिकार खरेदीदाराला नाही. त्यांचा प्रत्यक्ष कर उपकर धरून २,४०,५०० आहे. आणि त्यांनी नफा सूट मिळणाऱ्या रोख्यांत घातला तर शून्य. उरलेली रक्कम परत मिळते खरी, पण विवरणपत्र भरून, वाट पाहून. यावर उपाय म्हणजे विक्रीपूर्वीच आयकर कचेरीकडे कमी कपातीच्या दाखल्यासाठी अर्ज करणे. खरेदीदारालाही कपातीसाठी स्वतःचा कपात-क्रमांक काढावा लागतो, ही गोष्ट बहुतेक खरेदीदारांना ऐनवेळी कळते. पैसे अमेरिकेस न्यायचे असतील तर ते प्रथम अनिवासीच्या सामान्य रुपया खात्यात येतात, आणि तेथून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत, लेखापालाच्या दाखल्यासह, बाहेर जाऊ शकतात.

दस्तातील किमतीविषयी गावात जे ऐकू येते तेही लिहिले पाहिजे. मोबदल्याचा काही भाग रोख घ्यावा, दस्तात कमी दाखवावे, असा सल्ला या कुटुंबालाही मिळाला. सरकारी मुद्रांकमूल्य दस्तातील किमतीच्या एकशे दहा टक्क्यांहून अधिक असेल तर विक्रेत्याचा नफा त्या मूल्यावरच मोजतात, आणि खरेदीदारालाही फरकावर कर पडतो. शिवाय स्थावराच्या व्यवहारात वीस हजार वा अधिक रक्कम रोख घेतल्यास तितकाच दंड होऊ शकतो. दादांनी तो सल्ला ऐकून घेतला आणि विसार पूर्णपणे बँकेमार्फत घेतला.

हिस्सा सोडण्याचीही एक चर्चा मध्यंतरी झाली. ताईंनी आपला हिस्सा दादांच्या नावे सोडून द्यावा, हक्कसोडपत्रास मुद्रांकही नाममात्र लागते, आणि मग दादांनी एकट्याने विकावे. विनामोबदला हक्कसोड केला असता तर ताईंवर कर नव्हता. पण दादांनी त्याबद्दल त्यांना पैसे द्यायचे ठरले असते, तर तो हक्कसोड म्हणजे विक्रीच झाली असती. लेखापालांनी हे स्पष्ट सांगितल्यावर तो विचार मागे पडला.

नफा कोठे ठेवायचा

तिघांपुढेही आता नफ्याची सोय लावण्याचा प्रश्न आहे. कलम ५४ ची सूट भारतातील नव्या घरासाठी आहे: विक्रीपूर्वी एक वर्ष वा नंतर दोन वर्षांत खरेदी, किंवा तीन वर्षांत बांधकाम. नफा दोन कोटींच्या आत असेल तर आयुष्यात एकदा दोन घरे घेता येतात, आणि एकूण सूट दहा कोटींवर थांबते; गावच्या घरांना या वरच्या मर्यादांची फिकीर नाही. महत्त्वाचे हे की कायदा खरेदी आणि बांधकाम असे म्हणतो, आधीच मालकीच्या असलेल्या घराची डागडुजी त्यात बसत नाही. ताईंचा बेत पुण्याच्या सदनिकेचे नूतनीकरण या पैशांतून करण्याचा होता. तो त्यांनी सोडला. वर्षाचे विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत घर ठरले नाही, तर रक्कम बँकेत १९८८ च्या भांडवली नफा खाते योजनेत ठेवावी लागते, अन्यथा सूट जाते.

घर नको असेल त्यांना सरकारी कंपन्यांच्या रोख्यांचा मार्ग आहे: सहा महिन्यांच्या आत, पन्नास लाखांपर्यंत, पाच वर्षांसाठी; व्याज सव्वापाच टक्क्यांच्या आसपास आणि तेही करपात्र. वयोवृद्ध विक्रेत्याने केवळ कर वाचवण्यासाठी घाईने नवी सदनिका घेऊन बसण्यापेक्षा हे रोखे, किंवा सरळ कर भरून मोकळे होणे, मला अनेकदा अधिक शहाणपणाचे वाटते. दीड लाखाचा कर टाळण्यासाठी पंधरा लाख तीन वर्षांसाठी अडकवणारे लोक मी पाहिले आहेत. नवे घर तीन वर्षांच्या आत विकले तर ती सूटही परत जाते, हे त्यांना नंतर कळले.

१ एप्रिल २०२६ ही प्राप्तिकराच्या नव्या अधिनियमाच्या अंमलाची तारीख आहे. येथे दिलेले कलमांचे क्रमांक त्यापूर्वीच्या अधिनियमातील आहेत; नव्यात ते बदलले आहेत, मूळ व्यवस्था बहुतांशी तीच आहे.

दादांनी कर भरण्याचे ठरवले आहे. ताई रोखे घेणार आहेत. धाकट्या बंधूंच्या दाखल्याचा अर्ज दाखल झाला असून खरेदीखताची तारीख त्यासाठी पुढे ढकलली आहे, आणि खरेदीदार दांपत्यानेही ते समजुतीने मान्य केले. बाग तिघांच्या नावावर राहील. यंदाच्या हंगामासाठी ती गावातल्याच एका बागायतदारास कराराने दिली आहे, आणि त्या कराराचे पैसे शेतीउत्पन्न म्हणून तिघांच्या खात्यांत समान जमा होतील.